स्वेटर श्रावणात विणावा

दिवाळी उलटून हवेत गारवा आला की बाजारात लोकरीच्या गुंड्या दिसू लागतात आणि घराघरांत ट्रंकेतल्या सुया बाहेर निघतात. नोकरदार शहरी घराला हा क्रम सोयीचा आहे. तिथे हिवाळा आणि उन्हाळा यांत फरक पडतो तो कपड्यांचा, कामाचा नव्हे. पण नाशिक जिल्ह्यात निफाड, दिंडोरी, चांदवडकडच्या दोन-तीन एकरांच्या शेतकरी घरात हाच क्रम पाळला, तर डिसेंबरात सुईवर घातलेला स्वेटर मार्चपर्यंत अर्धाच राहतो आणि दोष येतो विणणारीच्या आळसावर. हा दोष चुकीच्या जागी लागतो. शेती आणि विणकाम यांचं जमत नाही असं नाही. आपण विणकामाला शेतीच्या पंचांगातला चुकीचा महिना दिला आहे. महिना बदलला आणि कोणत्या वेळी काय विणायचं हे नीट ठरवलं, तर दोन्ही एका घरात नांदू शकतात.

हिवाळ्यात विणायची रीत जिथे रुजली, तिथे हिवाळा हा शेतीच्या विसाव्याचा काळ होता. उत्तर इंग्लंडमधल्या डेंट गावचे शेतकरी विणकामासाठी इतके प्रसिद्ध होते की एकोणिसाव्या शतकात रॉबर्ट साउदी या कवीनं त्यांच्याविषयी लिहून ठेवलं. लांबलचक रात्री आणि गारठलेली शेतं अशा दिवसांत शेजारीपाजारी एका चुलीभोवती जमत आणि बायका-पुरुष-मुलं मिळून विणत. आपल्याकडे सुयांवरचं विणकाम आलं ते इंग्रजी अमदानीत, आणि सोबत हिवाळ्याची सांगडही आली. नाशिकचा हिवाळा मात्र विसाव्याचा नाही. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर द्राक्षबागेत फेलफुटी काढणं, घडांची विरळणी, जीए या संजीवकाच्या द्रावणात घड बुडवण्याची डिपिंग, औषधांच्या फवारण्या अशी कामं एकापाठोपाठ येतात आणि जानेवारीपासून तोडणी सुरू होते. त्यातच डिसेंबर-जानेवारीत उन्हाळ कांद्याची लागवड असते. निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा 5-6 अंशांपर्यंत उतरल्याची बातमी येते, तेव्हा बागायतदार मणी तडकू नयेत म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटवत असतो आणि ठिबकनं पाणी सोडत असतो. ज्या आठवड्यात स्वेटर हवा असतो, त्याच आठवड्यात तो विणायला घरात कोणाचाही हात मोकळा नसतो.

आपल्या शेतकरी बायकांनी हा पेच लोकरीच्या आधीच सोडवला होता. गोधडी लागते थंडीत, पण शिवली जाते उन्हाळ्यात. रब्बीचं पीक घरात आलेलं असतं, अंगण कोरडं असतं, जुनी लुगडी-धोतरं धुऊन वाळवून पसरायला जागा असते आणि चार जणी चार कोपऱ्यांना बसून धावदोरा घालू शकतात. वापराचा महिना वेगळा आणि करण्याचा वेगळा, हे त्यांनी गृहीतच धरलेलं होतं. स्वेटरलाही तोच नियम लावावा. मे महिन्यात खरड छाटणीनंतरच्या बागेत सबकेनचं, म्हणजे बगलफुटी वाढवण्याचं, काम असतं आणि जून-जुलैत खरिपाची पेरणी, निंदणी. पण ती आटोपली की श्रावण-भाद्रपदात, गोडी छाटणीच्या आधी, तुलनेनं सैल असे पाच-सहा आठवडे मिळतात. पावसाची झड लागली की शेतात पाय घालता येत नाही, हाही वेळ त्यातच धरायचा. सरावलेला हात मिनिटाला साधारण 25 टाके घालतो. 100 टाक्यांच्या पाठीची एक ओळ म्हणजे चार मिनिटं. या हिशेबानं मोठ्या माणसाचा साधा स्वेटर 40 तासांच्या आसपास होतो. रोज तासभर मिळाला तर छाटणीची कात्री हातात येण्याआधी तो सुईवरून उतरतो.

अर्थात नुसता महिना बदलून भागत नाही, कारण शेतावरचा तास कधीच अखंड मिळत नाही. म्हशीची धार, दारी आलेला व्यापारी, पंपासाठी अचानक आलेली लाइट, यातलं काहीही मध्येच उठवतं. ज्युडिथ ब्राउन या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी 1970 साली एक लहानसा पण पुढे फार गाजलेला निबंध लिहिला. मुलं सांभाळत करता येणारी कामं कोणती, याचं त्यांचं उत्तर असं : जी मध्येच सोडून पुन्हा धरता येतात, ज्यांना सतत डोळ्यांत तेल घालून बघावं लागत नाही, ज्यांत धोका नाही आणि जी घरापासून लांब नेत नाहीत. ही कसोटी शेतीच्या जोडकामालाही चपखल लागू पडते. येवल्याची पैठणी तिला उतरत नाही. माग एका जागी रोवलेला, ताणा ताणलेला, काठापदराच्या नक्षीत नजर अडकलेली; तो पूर्णवेळ धंदा आहे आणि तसाच केला जातो. दोन सुया आणि एक गुंडी मात्र पिशवीत मावते. त्यातही निवड करावी लागते. वेण्यांची नक्षी किंवा दोन रंगांची गुंफण मोजणी चुकली की उसवावी लागते, म्हणून ती झडीच्या दिवसांसाठी ठेवावी. पाठ, पुढचे दोन भाग, दोन बाह्या असे सुटे तुकडे विणून शेवटी जोडायचा स्वेटर शेतकरी घराला जास्त सोयीचा, कारण प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे पुरा होतो. आणि ऐन हंगामात काही विणायचंच असेल, तर कानटोपी किंवा मफलर : सगळे टाके सुलट, उठावं लागलं तर ओळ पुरी करून उठायचं. शेटलंड बेटांवरच्या बायका पाठीवर इंधनाच्या टोपल्या घेऊन चालताना विणत असत; त्यांचंही बरंचसं काम असंच, हाताला पाठ झालेलं असे.

पावसाळ्यात लोकर हातात धरवत नाही, ही पहिली हरकत. दमट हवेत सूत चिकटतं, ओलसर वास येतो, कसर लागायची भीती असते. हरकत खरी, पण उपाय साधे आहेत : विणकाम कापडी पिशवीत ठेवायचं, उघडीप मिळाली की ऊन दाखवायचं आणि मांडीवर ऊब नको असेल तर बाह्यांसारखे लहान तुकडे आधी घ्यायचे. हिवाळ्यातली अडचण याहून चिवट आहे. कांद्याच्या लागवडीनं आणि बागेतल्या औषधांनी बोटांना भेगा पडतात आणि प्रत्येक टाक्याला सूत त्या भेगांत अडकतं. श्रावणातला हात त्या मानानं बरा असतो. सुताची निवडही शेतकऱ्यानं वेगळी करावी. बाजारात ‘लोकर’ म्हणून मिळणारं बरंचसं सूत ॲक्रिलिकचं असतं. ते स्वस्त, धुवायला सोपं, पण ठिणगी पडली की वितळतं आणि पेटतं. खरी लोकर सहसा काजळून विझते. पहाटे शेकोटीजवळ उभं राहणाऱ्याच्या स्वेटरसाठी हा फरक किमतीपेक्षा महत्त्वाचा आहे.

दुसरी हरकत जास्त गंभीर आहे. शेतकरी बाईला आधीच श्वास घ्यायला फुरसत नाही, त्यात तिच्या गळ्यात आणखी एक काम कशाला? केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळवापर पाहणीनुसार, घरकाम करणाऱ्या बाईची दिवसाला सरासरी 289 मिनिटं बिनपगारी घरकामात जातात आणि घरकाम करणाऱ्या पुरुषाची 88. हे आकडे समोर असताना ‘रिकाम्या वेळात विणा’ असा सल्ला देणं म्हणजे थट्टाच. म्हणूनच विणकाम हे बाईचं कर्तव्य म्हणून सांगू नये. ते तिच्या आवडीचं असेल, तर घरानं त्याला जागा करून द्यावी, आणि ती जागा त्या 289 मिनिटांतून निघायला हवी. सुया पुरुषांनीही हातात घ्यायला काही हरकत नाही. पेरूमधल्या ताकीले बेटावर शेती करणारे पुरुषच टोप्या विणतात आणि तिथल्या वस्त्रकलेला युनेस्कोनं मानवी वारशाचा मान दिला आहे. आपल्याकडेही लासलगावच्या बाजार समितीत ट्रॅक्टरच्या रांगेत नंबर येईपर्यंत जाणारा वेळ काही कमी नसतो.

राहिला पैशाचा प्रश्न. लुधियानाचा यंत्रावरचा स्वेटर रस्त्यावरच्या हातगाडीवर मिळत असताना हातानं विणून परवडतं का? विकायला परवडत नाही, हे स्पष्ट सांगितलेलं बरं. 40 तासांना शेतमजुरीचा दर लावला, तर त्यात सुताचा खर्च मिळवून येणारी किंमत गावात कोणी देणार नाही. पण परसातल्या भाजीचा हिशेबही आपण मजुरी लावून करत नाही. हातचा स्वेटर अंगाच्या मापाचा होतो, कोपराला विरला तर तेवढाच भाग पुन्हा विणता येतो आणि मूल वाढलं की उसवून तेच सूत नव्या मापाला लागतं. कमाईचं साधन म्हणून विणकामाकडे पाहिलं तर निराशाच पदरी पडेल; घरची गरज आणि मनाचा विरंगुळा म्हणून पाहिलं तर ते तोट्यात जात नाही.

हे वेळापत्रक साऱ्या जिल्ह्याला सरसकट लावता येणार नाही. इगतपुरी, पेठ, सुरगाण्याकडे जुलै म्हणजे भाताची आवणी; तिथे आषाढात चिखलातून पाय निघत नाही आणि दिवाळीनंतर अनेक कुटुंबं मजुरीसाठी द्राक्षपट्ट्यात उतरतात. त्यांचा सैल काळ आवणीनंतर कापणीपर्यंतचा, आणि तोही जेमतेम. म्हणजे पीक बदललं की महिना बदलतो. म्हणूनच बचत गटांनी किंवा कृषी विज्ञान केंद्रांनी विणकामाचा वर्ग ठेवायचा ठरवलं, तर थंडी बघून डिसेंबरची तारीख धरू नये. आधी त्या गावचं पीक विचारावं, छाटणी, लागवड आणि कापणीचे आठवडे मांडावेत आणि उरलेल्या जागेत वर्ग बसवावा. द्राक्षपट्ट्यात तो श्रावणात येईल आणि वर्गाला आलेल्या बायका हातातला तुकडा पुरा करूनच ऑक्टोबरच्या छाटणीला लागतील.