डेटामधल्या कॉलमला नाव कोणी दिलं?

सिनॉप्सिस लिहायला बसलात की पहिलं काम काय करता? व्याख्या गोळा करता. मीही तेच केलं. ग्रुप कोणते, व्हेरिएबल कोणते, एवढं ठरलं की पुढे. मी विज्ञानाची विद्यार्थिनी, त्यामुळे ग्रुपचं नाव मुळात आलं कुठून हा प्रश्न मला कधी पडलाच नाही. तो पडला आर्ची मफेजे यांचा १९७१ चा एक लेख वाचून.

मफेजे दक्षिण आफ्रिकेचे. जन्म १९३६. ते बारा वर्षांचे असताना तिथे वर्णद्वेषी राजवट आली, आणि १९५० च्या कायद्याने प्रत्येक माणसाची वंशाप्रमाणे नोंद होऊ लागली. मफेजे केप टाउन विद्यापीठात शिकले, तिथून पीएचडीला केंब्रिजला गेले. १९६८ मध्ये केप टाउन विद्यापीठानेच त्यांना सामाजिक मानववंशशास्त्राचे सीनियर लेक्चरर म्हणून नेमलं. सरकारने दम दिला, विद्यापीठाने नेमणूक मागे घेतली. कारण एकच, ते कृष्णवर्णीय होते. विद्यार्थ्यांनी प्रशासनाच्या इमारतीत नऊ दिवस ठिय्या दिला, पण नेमणूक काही परत मिळाली नाही. पुढची कित्येक वर्षं मफेजे दार-एस-सलाम, हेग, कैरो अशा ठिकाणी शिकवत राहिले.

आता लेखाकडे येऊ. लेख आहे ‘ट्राइब’ या शब्दाबद्दल. आफ्रिकेत काहीही घडलं, निवडणूक असो की यादवी, की अभ्यासक ‘ट्रायबलिझम’ म्हणून मोकळे होत. मफेजे म्हणतात, थांबा. दक्षिण आफ्रिकेतल्या स्थानिक भाषांत ‘ट्राइब’ला शब्दच नाही. राष्ट्र, कुळ, वंशावळ यांना आहेत. माणसाची ओळख विचारायची तर ‘तू कोणाच्या मुलखातला?’ असं विचारत. मग हा शब्द आला कुठून? वसाहतीच्या कारभारातून आणि त्या कारभाराच्या नजरेने पाहणाऱ्या अभ्यासकांकडून.

याचा अर्थ माणसं ट्राइबचं नाव घेतच नाहीत असा नाही. इथे मफेजे एक बारीक फरक करतात, आणि मला लेखातला हाच भाग सगळ्यात आवडतो. आपल्या मुलखात राहून तिथली जुनी स्वायत्तता जपणारा माणूस वेगळा, आणि राजधानीत बसून खुर्ची टिकवायला ट्राइबची हाक देणारा वेगळा. दोघांना एकच लेबल लावलं तर दुसऱ्याचं राजकारण दिसतच नाही.

हा नुसता शब्दांचा कीस नव्हता बरं का. त्याच काळात दक्षिण आफ्रिकेचं सरकार ‘ट्राइब’च्या याद्या घेऊन कृष्णवर्णीयांना वेगवेगळी ‘होमलँड्स’ वाटत होतं, म्हणजे आपल्याच देशात परकं ठरवत होतं. लेखात मफेजे स्वतःची कहाणी सांगत बसत नाहीत. पण कोणत्या रकान्यात नाव पडलं यावर नोकरी गेलेला माणूस हे लिहितोय, हे कळल्यावर लेख दुसऱ्यांदा वाचावासा वाटतो. जेमतेम नऊ पानं आहेत.

मफेजे पुढे मायदेशी परतले, २००७ मध्ये वारले. केप टाउन विद्यापीठाने त्यांना मरणोत्तर मानद डॉक्टरेट दिली ती २००८ मध्ये.