कर्णधार शैलेन मन्ना

आपल्या सांगली-माधवनगर भागात कुस्तीचे वेड मोठे. शेजारच्या कोल्हापुरात मात्र तालमींच्या नावाने फुटबॉलचे संघही आहेत. पाटाकडील तालीम मंडळ हा त्यांतलाच एक. त्याचा सामना असला की सारी पेठ मैदानावर जमते. कोलकात्यातील लोकांचेही आपापल्या संघांवर असेच प्रेम आहे. तेथील मोहन बागान या जुन्या संघाकडून शैलेन मन्ना १९४२ पासून १९६० पर्यंत खेळले. मध्ये त्यांनी संघ बदलला नाही.

मन्ना यांचा जन्म १९२४ साली झाला. ते बचावपटू होते. बचावपटू आपल्या गोलजवळ राहतो आणि समोरच्या खेळाडूला अडवतो. गोल करणाऱ्याचे नाव सर्वांच्या तोंडी असते, अडवणाऱ्याचे क्वचितच. चेंडू कोठे येणार हे मन्ना आधीच ओळखत. त्यांची फ्री किकही जोरदार असे. त्या काळी फुटबॉल हा पोटाचा धंदा नव्हता. मन्ना भूगर्भ सर्वेक्षणाच्या सरकारी खात्यात नोकरी करत.

१९४८ साली लंडन ऑलिंपिकमध्ये भारताचा सामना फ्रान्सशी झाला. आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले. भारताला दोन पेनल्टी किक मिळाल्या आणि दोन्ही वाया गेल्या. त्यांतली एक मन्ना यांनी मारली होती. भारत २-१ असा हरला. एवढी मोठी संधी हुकल्यावर एखादा खेळाडू खचला असता. मन्ना मात्र पुढे भारताचे कर्णधार झाले.

१९५० साली ब्राझीलमधील विश्वचषक स्पर्धेत भारताला जागा मिळाली होती, पण आपला संघ गेलाच नाही. अनवाणी खेळायला परवानगी नव्हती म्हणून संघ गेला नाही, असे पुष्कळ लोक आजही सांगतात. मन्ना यांना हे कारण मान्य नव्हते. त्या वेळी आम्हाला ऑलिंपिकच मोठे वाटे, विश्वचषकाचे महत्त्व कळलेच नव्हते, असे ते सांगत. ते त्या संघातलेच, तेव्हा त्यांचे म्हणणे अधिक खरे मानावे.

१९५१ साली दिल्लीत पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या. अंतिम सामन्यात भारताने इराणला १-० असे हरवले. गोल मेवालाल यांनी केला. सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघाचे कर्णधार मन्ना होते. पुढच्याच वर्षी हेलसिंकीच्या थंडीत युगोस्लाव्हियाने भारताचा १०-१ असा धुव्वा उडवला. तेव्हाही कर्णधार मन्नाच होते. या पराभवानंतर भारतीय खेळाडूंना बूट घालणे सक्तीचे झाले.

१९५० ते १९५५ या काळात मन्ना मोहन बागानचेही कर्णधार होते. याच काळात, १९५३ साली, या संघाने ड्युरँड चषक प्रथमच जिंकला. १९७१ साली मन्ना यांना पद्मश्री मिळाली. २७ फेब्रुवारी २०१२ रोजी कोलकात्यात त्यांचे निधन झाले.