आपला गट पिवळ्यात की हिरव्यात?



गेल्या महिन्यात आमच्या एका बचत गटाच्या बैठकीत एका ताईंनी पिशवीतून कागद काढून सतरंजीवर ठेवला. स्टॅम्पपेपरवर नोटरी केलेला, जागा दीड गुंठा, जवळच्या शहराच्या कडेला एका एजंटाकडून घेतलेली. गटाचं कर्ज आणि विकलेल्या शेळ्यांचे पैसे त्यात गेलेले. सातबाऱ्यावर नाव मात्र अजून मूळ शेतकऱ्याचंच. घरकुलाची चौकशी केली तेव्हा कळलं, जागा त्यांच्या नावावर नाही, आणि ती हरित पट्ट्यात आहे. "माझ्या जागेत एक झाड नाही, मग ती हिरवी कशी?" असं त्यांनी विचारलं, आणि आम्हा सहयोगिनींनाही नीट उत्तर देता येईना.

म्हणून पुढच्या बैठकीला आम्ही शेजारच्या तालुक्यातल्या एका नगरसेविकेला बोलावलं.

हिरवा हा नकाशावरचा रंग आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ या कायद्याप्रमाणे शहराचा विकास आराखडा होतो. त्यात राहण्याच्या भागाला पिवळा रंग असतो आणि शेतीच्या भागाला हिरवा. पिवळ्यात घरं बांधायला परवानगी मिळते. हिरव्यात शेती, गोठा, कुक्कुटपालन, नियमात बसेल तसं शेतघर चालतं, पण गुंठ्या-गुंठ्याचे प्लॉट पाडून वस्ती करता येत नाही. याशिवाय शाळा, बाग, दवाखाना, रस्ता यांसाठी जागा राखून ठेवतात, त्याला आरक्षण म्हणतात. नदीकाठी निळी आणि लाल अशा पूररेषा असतात. निळ्या रेषेच्या आत घर बांधायचं नाही. भोगावती वर्षभर कोरडी दिसते म्हणून काठाला स्वस्त जागा बघणाऱ्या तायांनी एवढं ध्यानात ठेवावं.

वैराग ग्रामपंचायत होती तोवर आपल्याला हे रंग परके होते. आता नगरपंचायत आहे. जानेवारी २०२२ मध्ये पहिल्या निवडणुकीचा निकाल लागला, १७ नगरसेवक आले, त्यात निम्म्या जागा बायकांसाठी राखीव. म्हणजे कुठे घरं आणि कुठे शेत, या प्रश्नावर आपल्यातल्याच बायका सभेत हात वर करणार.

त्या नगरसेविकेचं म्हणणं आम्हाला पटलं, पण सगळं नाही. दारात येणारा प्रत्येक माणूस आपला गट नंबर पिवळ्यात घ्या म्हणतो, हिरव्यात ठेवा म्हणणारा आजवर एकही भेटला नाही, असं त्या सांगत होत्या. त्यांच्या मते आधी जुन्या गावठाणातली पडकी घरं आणि रिकामे पडलेले लेआउट भरावेत, विहीर-बोअरचं पाणी असलेली रानं वाचवावीत. पाऊसच कमी असलेल्या आपल्या भागात ओलिताचं रान एकदा सिमेंटखाली गेलं की परत येत नाही. हे खरं आहे. पण आम्ही विचारलं, वाचवायचं ते रान कुणाचं? बांधाच्या अलीकडचा गट पिवळा झाला की त्याचा भाव चढतो, पलीकडचा हिरवा राहिला की तिथली विधवा बाई मुलीच्या लग्नालाही चार गुंठे धड विकू शकत नाही. गावाला मोकळी हवा हवी, तर तिची किंमत एकट्या तिनेच का भरायची? यावर त्या गप्प बसल्या. मग म्हणाल्या की हा प्रश्न पुण्यालाही सुटलेला नाही.

आपल्यातल्या कितीतरी घरचं एक माणूस पुण्याला आहे, म्हणून तिथली गोष्ट सांगतो. १९९७ मध्ये पुण्याच्या हद्दीत आलेल्या २३ गावांतल्या टेकड्यांवर घरं होऊ द्यायची की नाही, यावर वर्षानुवर्षं वाद चालला. माजी महापौर वंदना चव्हाण यांनी टेकड्या राखण्याची बाजू लावून धरली. सुमारे ९७८ हेक्टरवर जैवविविधता उद्यानाचं आरक्षण पडलं. २०१५ मध्ये सरकारने ठरवलं की जागा देणाऱ्याला ८ टक्के टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क मिळेल. एवढ्यात जमीन द्यायला मालक राजी होईनात, आणि काही टेकड्यांवर चोरून घरं चढलीच. मोबदला धड नसेल तर कागदावर हिरवं आणि जमिनीवर पत्र्याच्या खोल्या, असं होतं.

आता कामाचं. प्रारूप आराखडा, म्हणजे कच्चा नकाशा, प्रसिद्ध होतो तेव्हा हरकती आणि सूचनांसाठी ३० दिवस असतात. पेपरातली ती बारीक अक्षरांची नोटीस आपण भाकरी गुंडाळायला वापरतो! नकाशा कार्यालयात पाहायला ठेवलेला असतो. सातबारा घेऊन जायचं, आपला गट नंबर शोधायचा, साध्या कागदावर म्हणणं लिहायचं, प्रत्यक्ष सुनावणी हवी असं त्यातच लिहायचं आणि पोच घ्यायची. नियोजन समिती हरकती ऐकते, शेवटची मंजुरी सरकारची. आरक्षण पडलं म्हणून जमीन लगेच जात नाही. आराखडा लागू झाल्यापासून १० वर्षांत ती घेतली नाही, तर मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर २४ महिन्यांत भूसंपादनाचं पाऊल पडलं नाही तर आरक्षण सुटतं.

प्लॉट घेणारीनेही मंजूर लेआउट मागायचा. साधारण एकराच्या, म्हणजे ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या लेआउटमध्ये १० टक्के जागा मोकळी सोडावी लागते. एकराला चार गुंठे. ती दिसली नाही, तर पैसे पिशवीतच ठेवा. शहरी घरकुलाचं अडीच लाखांचं अनुदानही स्वतःच्या नावावर जागा असेल तरच बांधकामाला मिळतं.

त्या ताईंनी आता मूळ मालकाशी बोलणं सुरू केलं आहे. एजंटाचा फोन लागत नाही. गटाने त्यांचा हप्ता तीन महिने पुढे ढकलला आहे. पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपला सातबारा किंवा प्लॉटचा कागद आणायचा आहे, वाचता येत नसेल तरी आणा. आम्ही सोबत बसून वाचू.