ग्राफिक्स कार्डाची किंमत आणि त्याची स्मृति

घरांतील संगणकासाठीं ग्राफिक्स कार्ड घेतांना बहुतेकांची दृष्टि मध्यम किंमतीच्या मालावर जाते, व तें योग्यच आहे. अगदीं स्वस्त कार्ड लवकर निरुपयोगी होतें आणि फार महाग कार्डाची शक्ति घरगुती उपयोगांत बहुधा पडून राहते. परंतु या मधल्या वर्गांतच एक अडचण उभी आहे. कार्डावरील गणनयंत्राचा वेग पुष्कळ वाढला, पण त्याच्या शेजारची स्मृति त्या मानानें वाढली नाहीं. ही स्मृति कार्डावर कायमची जोडलेली असते. संगणकाच्या मुख्य स्मृतीप्रमाणें ती मागाहून वाढवितां येत नाहीं. म्हणून तिचा विचार खरेदीपूर्वींच व्हावयास हवा.

पडद्यावरील चित्र स्वतः फारशी जागा घेत नाहीं. १९२० गुणिले १०८० बिंदूंचें एक चित्र, दर बिंदूस चार बाइट धरले तर, सुमारें ८ मेगाबाइटांत मावतें. खरी जागा लागते ती चित्राच्या सामग्रीला. भिंती, वस्त्रें, झाडें यांच्या पृष्ठभागांचीं पोतचित्रें, वस्तूंचे आकार, प्रकाशकिरणांच्या गणितासाठीं केलेली मांडणी, हें सर्व हाताशीं असावें लागतें. सेकंदाला साठ चित्रें काढावयाचीं तर एका चित्राच्या वांट्यास अवघे १६.७ मिलिसेकंद येतात.

पंगत बसली असतां आचारी कितीही चपळ असो, ओट्यावर जागा नसेल तर दर पदार्थाला त्याला कोठीच्या खोलीकडे धांवावें लागतें आणि पंगत ताटकळते. कार्डाची स्मृति भरली म्हणजे हेंच घडतें. उरलेली सामग्री संगणकाच्या मुख्य स्मृतींत ठेवावी लागते, आणि तेथून येणारी वाट फार अरुंद असते. २०२३ सालच्या आरटीएक्स ४०६० या कार्डाची आपल्या स्मृतीशीं देवघेव सेकंदास २७२ गीगाबाइट आहे. मदरबोर्डाशीं जोडणाऱ्या त्याच्या आठपदरी वाटेनें मात्र एका दिशेस सुमारें १६ गीगाबाइटच येऊं शकतात, व तिसऱ्या पिढीच्या जुन्या मदरबोर्डावर त्याच्याहि निम्मे. अशा वेळीं खेळ बंद पडतोच असें नाहीं. तो मधून मधून अडखळतो, किंवा पृष्ठभाग पुसट दिसूं लागतात. आणि सरासरी वेगाच्या आंकड्यांत हा दोष कित्येकदां लपून जातो.

मग कारखानदार थोडी अधिक स्मृति कां बसवीत नाहींत, असें सहज वाटेल. याचें उत्तर कार्डाच्या रचनेंत आहे. स्मृतीच्या प्रत्येक चिपेला ३२ बिटांचा मार्ग लागतो. फेब्रुवारी २०२१ मध्यें आलेल्या आरटीएक्स ३०६० चा मार्ग १९२ बिटांचा होता. त्यावर दोन-दोन गीगाबाइटांच्या सहा चिपा बसून १२ गीगाबाइट झाले. त्यानंतरच्या ४०६० चा मार्ग १२८ बिटांचा. तेथें चारच चिपा, म्हणून ८ गीगाबाइट. नवें कार्ड जुन्याहून वेगवान, पण स्मृतीनें लहान निघालें. रुंद मार्गाला सिलिकॉनची जागा व खर्च अधिक लागतो. त्याऐवजीं कारखानदारांनीं गणनयंत्राच्या आंतील राखीव साठा वाढविला. ही युक्ति वेगाची उणीव बरीचशी भरून काढते, जागेची नाहीं. अरुंद मार्गावर स्मृति दुप्पट करावयाची तर फलकाच्या दोन्ही बाजूंस चिपा बसवितात, आणि ८ नंतर एकदम १६ हा आंकडा येतो.

किंमतींची तुलना उद्बोधक आहे. २०१६ सालीं जीटीएक्स १०७० हें ८ गीगाबाइटांचें कार्ड ३७९ डॉलर या मूळ किंमतीस जाहीर झालें होतें. एप्रिल २०२५ मध्यें आरटीएक्स ५०६० टीआय याच्या ८ गीगाबाइटांच्या आवृत्तीची जाहीर किंमत तीच, ३७९ डॉलर होती. १६ गीगाबाइटांची ४२९. एएमडीच्या आरएक्स ९०६० एक्सटी या जून २०२५ च्या कार्डाचे आंकडे अनुक्रमें २९९ व ३४९. दोन्हींकडे अंतर पन्नास डॉलरांचें, पण नांव एकच. त्यामुळें केवळ नांव पाहून घेणारा ग्राहक फसण्याचा संभव आहे. इंटेलनें डिसेंबर २०२४ मध्यें आर्क बी५८० हें १२ गीगाबाइटांचें कार्ड २४९ डॉलरांस जाहीर करून मधला मार्ग दाखविला. दुकानांतील भाव अर्थात् निराळे असतात व ते बदलतात.

तथापि मोठा आंकडा म्हणजे मोठा लाभ, असेंहि समजूं नये. २०२३ सालच्या ४०६० टीआयच्या १६ गीगाबाइटांच्या आवृत्तीस शंभर डॉलर अधिक पडत. गणनयंत्र व मार्ग मात्र तेच होते. जेथें ८ गीगाबाइट भरतच नाहींत, तेथें तिचा वेग वाढण्याचें कारण नव्हतें. जुने किंवा हलके खेळ आणि साधा १०८० रेषांचा पडदा एवढीच गरज असेल तर ८ गीगाबाइट अजूनहि पुरतात. परंतु कार्ड चार-पांच वर्षें टिकवावयाचें असेल, पडदा मोठा असेल, किंवा घरांतील विद्यार्थ्यास भाषेचीं कृत्रिम प्रारूपें त्यावर चालवावयाचीं असतील, तर गोष्ट वेगळी. सात अब्ज घटकांचें प्रारूप, दर घटकास दोन बाइट धरले तर, एकटेंच १४ गीगाबाइट मागतें. अशा घरानें गणनयंत्राची एक पायरी कमी घेऊन स्मृति अधिक घ्यावी, हें शहाणपणाचें. चित्राची सजावट कमी करून वेग कांहींसा परत मिळवितां येतो. कार्डावर जागा मात्र नंतर मिळत नाहीं.