चौकोनांच्या जागी अक्षरं

दिवाळीत आदिलाबादला गेलो की घरातली सगळी बिघडलेली यंत्रं माझी वाट बघत असतात. मुलगा बी.ई. झालाय, हैदराबादला सॉफ्टवेअरमध्ये आहे, म्हणजे मिक्सरसुद्धा त्यानेच बघायचा! यंदा पाळी बाबांच्या जुन्या लॅपटॉपची होती. कुणीतरी त्यात चोरीचं विंडोज टाकून दिलं होतं. बटण दाबल्यावर तो सुरू होईपर्यंत आईचा चहा उकळून व्हायचा.

मी त्यावर डेबियन 12 हे लिनक्स टाकलं आणि त्यातला हलका एक्सएफसीई डेस्कटॉप निवडला. बाबांच्या गरजा ठरलेल्या. मंडळाचं इतिवृत्त मराठीत, मंडल कार्यालयातले अर्ज तेलुगूत. त्यासाठी लिब्रेऑफिस आणि दोन्ही भाषांच्या कीबोर्डसाठी आयबस-एम17एन. झालं.

विंडोजवर वाढलेले आपण एक चूक हमखास करतो. काही हवं असलं की गूगल करायचं आणि पहिल्या साइटवरून सेटअप उतरवायचा. डेबियनचं स्वतःचं भांडार आहे, त्यात 64,000 च्या वर पॅकेजेस. ‘ॲप्ट’ला नाव सांगितलं की तो भांडाराची डिजिटल सही तपासतो, त्या सॉफ्टवेअरला आणखी जे लागतं तेही आणतो आणि पुढची अपडेट्सही तिथूनच मिळतात. हे मी ऑफिसात ज्युनिअर मुलांना तावातावाने सांगतो. घरी मात्र स्वतःच विसरलो.

झालं असं, की बाबांचे मित्र गुरुजी आले. ते गोंड. मराठी आमच्याइतकीच सफाईने बोलतात. त्यांच्या पेनड्राइव्हवर एक फाइल होती, गोंडी शब्दांची यादी. उघडली तर पानभर रिकामे चौकोन! गुरुजी म्हणाले, “आमच्या भाषेला तुमच्या मशीनमध्ये जागा नाही वाटतं.” हसत म्हणाले, पण मला लागलं.

घाईघाईत एका साइटवरून ‘गोंडी फॉन्ट’ उतरवला. चौकोन जागच्या जागी. मग डोक्यात प्रकाश पडला. गोंडीच्या लिप्या दोन. मंगलसिंह मसराम यांनी 1918 मध्ये तयार केलेली मसराम गोंडी वेगळी. गुरुजींची होती गुंजाला गोंडी, आपल्याच जिल्ह्यातल्या नारनूर मंडलातल्या गुंजाला गावच्या हस्तलिखितांतली. हैदराबाद विद्यापीठाच्या जयधीर तिरुमल राव यांच्या चमूने ती उजेडात आणली. मसराम 2017 मध्ये युनिकोडमध्ये आली, गुंजाला 2018 मध्ये. प्रत्येक लिपीतल्या अक्षरांचे क्रमांक निराळे, त्यामुळे एकीचा फॉन्ट दुसरीला उपयोगाचा नाही.

उतरवलेला फॉन्ट पुसला, टर्मिनल उघडलं आणि ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल फॉन्ट्स-नोटो-कोअर’ टाइप केलं. गुंजाला गोंडीचा फॉन्ट या पॅकेजमध्ये आहे. लिब्रेऑफिस बंद करून पुन्हा उघडलं, आणि चौकोनांच्या जागी अक्षरं!

गुरुजी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग चष्मा पुसून विचारलं, “लिहिता पण येतं का?”

त्या लिपीचा कीबोर्ड मी बसवला नव्हता. पण लिब्रेऑफिसमध्ये ‘स्पेशल कॅरॅक्टर’ची खिडकी असते, तिथून एकेक अक्षर निवडता येतं. माझा भाचा त्यांच्या शेजारी बसला. “आजोबा, हे का? मामा म्हणतो डबल क्लिक करा.” नाव लिहायला पाऊण तास लागला. एक मात्रा चुकली म्हणून गुरुजींनी ते सगळं पुसायला लावलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.