पहिल्यावरून चौथा

चेन्नईहून कोलकात्याच्या राजमार्गाने उत्तरेकडे निघाले म्हणजे सुमारे ४५ किलोमीटरवर गुम्मिडिपूंडी लागते. तिरुवळ्ळूर जिल्ह्यातील या गावी सिपकॉटची मोठी औद्योगिक वसाहत आहे आणि तिच्या रस्त्यांवर मालमोटारींची सारखी ये-जा असते. भरलेली मालमोटार चालू करताना चालक पहिला गिअर टाकतो, मग दुसरा, मग तिसरा. एकही पायरी गाळीत नाही. तीच गाडी रिकामी असली म्हणजे तो थेट दुसऱ्यावर निघतो आणि तेथून पुष्कळदा चौथा गाठतो. ही युक्ती त्याला पुस्तकाने शिकविलेली नसते. ओझे किती, चढ किती, पुढे वाट मोकळी आहे की नाही, हे पाहून त्याचा हात आपोआप ठरवितो.

गिअर गाळावयाचा की नाही हा निर्णय चालकाच्या हातून काढून यंत्राच्या स्वाधीन केला तर काय होते? असा प्रयोग अमेरिकेत झाला. तोही मालमोटारीवर नव्हे, तर वेगासाठी नावाजलेल्या शेव्हरोले कॉर्व्हेट या क्रीडामोटारीवर.

त्यामागची हकीकत तेलाची आहे. १९७३ साली अरब राष्ट्रांनी तेलाचा पुरवठा रोखला आणि अमेरिकेत पेट्रोलपंपांपुढे रांगा लागल्या. त्यातून १९७५ साली एक कायदा झाला. प्रत्येक कंपनीच्या साऱ्या मोटारींची मिळून सरासरी काढावयाची आणि ती ठरलेल्या मर्यादेखाली जाऊ द्यावयाची नाही, असा त्याचा आशय. १९८५ सालासाठी ही मर्यादा गॅलनला २७.५ मैल, म्हणजे लिटरला सुमारे पावणेबारा किलोमीटर होती. १९७८ साली आणखी एक कायदा झाला आणि खादाड मोटारींवर कर बसला. त्या कराचे लोकांतले नाव ‘गॅस गझलर टॅक्स’. गॅलनला २२.५ मैलांहून कमी धावणाऱ्या मोटारीवर १९९१ पासून हजार डॉलरांपासून सात हजार सातशे डॉलरांपर्यंत तो आकारला जाऊ लागला. मोठ्या इंजिनाची कॉर्व्हेट या रेषेच्या जवळपास वावरणारी.

१९८९ साली कॉर्व्हेटला जर्मनीच्या झेडएफ कंपनीची सहा गिअरांची नवी पेटी मिळाली आणि तिच्याबरोबरच एक नवा पहारेकरीही आला. चालकाने पहिला गिअर टाकून गाडी सुरू केली, इंजिन तापलेले आहे, वेग ताशी २४ ते ३१ किलोमीटरांच्या आसपास आहे आणि ॲक्सिलरेटर हलकाच दाबलेला आहे, एवढ्या गोष्टी एकदम जुळल्या की गाडीतील संगणक गिअरपेटीवरील एका सोलेनॉइडला, म्हणजे वीज मिळताच खिळी पुढे सारणाऱ्या वेटोळ्याला, आज्ञा देतो. खिळी दुसऱ्या गिअरची वाट अडविते. चालक दांडी सरळ मागे ओढू लागतो, पण ती कडेला सरकून चौथ्यात जाऊन बसते. समोरच्या फलकावर ‘एकवरून चार’ असा दिवा लागतो. एकदा चौथा पडला म्हणजे त्याला पुन्हा क्लच दाबून हवा तो गिअर घेण्याची मोकळीक असते. पण तोवर मागच्या गाडीचा भोंगा वाजू लागलेला असतो.

या सक्तीने पेट्रोल खरोखर वाचते काय? वाचते, आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. पेट्रोल इंजिनात हवेच्या वाटेवर एक झडप असते. हलक्या चालीत ती जवळजवळ मिटलेली असते. बारीक नळीतून श्वास घ्यावयाचा झाला तर छातीला जसे कष्ट पडतात, तसे इंजिनाला मिटल्या झडपेतून हवा ओढताना पडतात आणि त्यातच इंधन खर्ची पडते. वरचा गिअर टाकला की तेवढ्याच वेगासाठी इंजिन कमी फेरे घेते, झडप अधिक उघडावी लागते, ओढण्याचे आणि घर्षणाचेही कष्ट घटतात. १९९८ च्या शेव्हरोले कॅमॅरोचे उदाहरण घ्या. तिच्या ट्रेमेक पेटीत पहिल्या गिअरचे प्रमाण २.६६, दुसऱ्याचे १.७८ आणि चौथ्याचे १ होते. मागच्या धुऱ्याचे प्रमाण आणि चाकाचा व्यास धरून हिशेब केला तर ताशी ३० किलोमीटरला इंजिन पहिल्यात मिनिटाला सुमारे सव्वादोन हजार फेरे घेते, दुसऱ्यात दीड हजारांच्या जवळ, आणि चौथ्यात अवघे साडेआठशे. हे फेरे गाडी उभी असताना इंजिन नुसते चालू ठेवण्यास लागतात त्याहून फारसे अधिक नाहीत. पावणेसहा लिटरांचे दांडगे इंजिन हे सोसते. सपाट रस्त्यावर, कोणाच्या पुढे जावयाचे नसेल तर, गाडी कुरकुरत का होईना चालते. पण चौकात वळताना किंवा वाहत्या रहदारीत शिरताना जेव्हा चटकन जोर हवा असतो, नेमका तेव्हाच तो नाहीसा होतो.

मात्र ही युक्ती रस्त्यासाठी नव्हे, चाचणीसाठी योजलेली होती. अमेरिकन सरकारची इंधनचाचणी रस्त्यावर होत नाही. मोटार फिरत्या रुळांवर उभी करून ठराविक आराखड्याप्रमाणे चालविली जाते. शहरी चाचणीचा मूळ आराखडा सुमारे १२ किलोमीटरांचा असून त्यात सरासरी वेग ताशी ३१-३२ किलोमीटर पडतो. वारंवार थांबणे आणि हळूच पुन्हा निघणे, हाच त्याचा स्वभाव. म्हणजे पहारेकरी जागा होतो ती वेळ त्यात पुन्हा पुन्हा येते. दुसरा गिअर घ्या न घ्या असा नुसता सल्ला दिला असता, तर चालक तो पाळतील हे सिद्ध करण्याचा भार कंपनीवर आला असता. खिळीने वाट अडविली की वादच मिटला.

रस्त्यावर मात्र वाद मिटला नाही. चालकांना लवकरच कळले की ॲक्सिलरेटर थोडा जोराने दाबला, किंवा पहिल्यातच वेग किंचित वाढू दिला, तर खिळी पुढे येत नाही. पेट्रोल वाचविण्याच्या यंत्राला चुकविण्यासाठी पेट्रोल अधिक जाळण्याची सवय लागली! ज्यांना तेही नको होते त्यांनी गाडीखाली शिरून सोलेनॉइडची तार काढून टाकली. पण संगणक फसला नाही. मंडळ तुटलेले पाहून त्याने ‘पी ०८०३’ हा दोषांक नोंदविला आणि इंजिन तपासण्याची सूचना देणारा दिवा लावून ठेवला.

यावर बाजारात जो उपाय आला तो अगदी साधा आहे. अंगठ्याएवढी एक जोडणी, तिच्यात एक विद्युत्‌रोधक. किंमत साधारण वीस डॉलर. ती तारेच्या टोकाला बसविली की संगणकाला वाटते, सोलेनॉइड जागेवर आहे. तो आज्ञा देत राहतो आणि खिळी स्वस्थ राहते. कोणी संगणकाच्या आज्ञावलीतच बदल करून घेतात. त्याला खर्च अधिक. काम करताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. धुराड्याचा नळ शेजारून जातो, म्हणून गाडी पुरती निवू द्यावी आणि नुसत्या जॅकवर विसंबून खाली शिरू नये. दुसरे, ट्रेमेकच्या पेटीवर याच जातीचे आणखी एक सोलेनॉइड असते. धावत्या गाडीत चुकून मागचा गिअर पडू नये म्हणून ते ठेवलेले आहे. गोंधळून त्याचीच तार काढली तर मागचा गिअर टाकताना दांडी जड लागते. पहिली अडचण कायम राहते, वर दुसरी येते.

कर वाचविण्यासाठी योजलेली खिळी चाचणीच्या कागदावर इंधन वाचवीत राहिली. ज्या गाडीत वीस डॉलरांची जोडणी बसली, त्या गाडीत तिने काहीच वाचविले नाही. नियम करणाऱ्यांनी मोजले यंत्राला. गाडी हाकणारा मनुष्य त्यांच्या हिशेबात नव्हता. यात कंपनीला दोष देणे सोपे आहे, पण कंपनीने प्रश्नपत्रिकेप्रमाणे उत्तर लिहिले एवढेच.

भारतातही अशी प्रश्नपत्रिका आता आहे. पुण्यात वेताळ टेकडीवर १९६६ साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था मोटारींच्या चाचण्या घेते, आणि १ एप्रिल २०१७ पासून कंपन्यांच्या सरासरी इंधनखर्चाला मर्यादा लागू झाली आहे. मात्र येथे खिळी आली नाही. अनेक मोटारींच्या फलकावर फक्त एक बाण उमटतो: वरचा गिअर घ्या. घेतला तर पेट्रोल वाचते, न घेतला तर गाडी तक्रार करीत नाही. १९७८ साली स्थापन झालेली पेट्रोलियम कॉन्झर्व्हेशन रिसर्च असोसिएशनही वर्षानुवर्षे हेच सांगत आली आहे की वरचा गिअर शक्य तितक्या लवकर घ्यावा. पण तिचा मार्ग पत्रकांचा आणि चालकांच्या शिबिरांचा.

कॉर्व्हेटच्या सातव्या पिढीपर्यंत, म्हणजे २०१९ पर्यंत, खिळी कायम होती. २०२० च्या कॉर्व्हेटपासून हाताने गिअर टाकण्याची पेटीच उरली नाही. दोन क्लचांची नवी पेटी स्वतः गिअर निवडते, आणि बसलेल्याला ते जाणवतही नाही. जुन्या गाड्यांचे मालक मात्र ती वीस डॉलरांची जोडणी अजून मागवितात. सोलेनॉइड पेटीवर तसेच राहते. गाडी विकावयाची वेळ आली म्हणजे मूळची तार पुन्हा त्यात खोचली जाते.