पिकअप, ब्रेकडाऊन आणि रोजचं इंग्रजी

जळगावात माझ्याकडे इंग्रजी शिकणाऱ्या सावद्याच्या मुलीनं परवा विचारलं, "सर, 'टर्न ऑफ इट' का चालत नाही?" फार छान प्रश्न!

'टर्न ऑफ' म्हणजे बंद करणं. 'टर्न ऑफ द फॅन' आणि 'टर्न द फॅन ऑफ' दोन्ही बरोबर. पण 'फॅन'ऐवजी 'इट' आलं की ते मध्येच बसतं: 'टर्न इट ऑफ'. तसंच 'वेक मी अप'.

सगळ्याच जोड्या अशा सुटत नाहीत. 'लुक आफ्टर' म्हणजे सांभाळणं, तिथे 'लुक आफ्टर हिम'च.

'गिव्ह' म्हणजे देणं, पण 'गिव्ह अप' म्हणजे सोडून देणं. शब्द सुटे करून अर्थ लागत नाही. आपल्या 'सांगून टाक'मध्ये तरी कोण काय टाकतं?

आपण हे शब्द रोज वापरतो: केळी नेणारी पिकअप, एसटीचं ब्रेकडाऊन, अ‍ॅडमिशनचा कटऑफ. ही झाली नामं. धुळ्याच्या वाटेवर बस बंद पडली, तर 'द बस वॉज ब्रेकडाऊन' नको. 'द बस ब्रोक डाउन' म्हणा.

अडलेलं वाक्य कमेंटमध्ये लिहा, अहिराणीत विचारलंत तरी चालेल.